पिल्लू न्यायला येणारे टेंबे

वृंदाआत्या सासरहून कायमची परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि एक बोका होता. हे मला आठवत नाही, मी तेव्हा फार लहान होते. पण आईने ते इतक्यांदा सांगितलंय की तिच्याच आवाजात मला पाठ आहे. "ट्रंक हलकी, नि बोका जड. टांग्यातून उतरल्या तर आधी बोका खाली ठेवला. मी म्हटलं, वन्सं, हे काय? तर म्हणाल्या, वहिनी, तिकडं एवढा एकच माझा होता. आता मी काय बोलू!" 'आता मी काय बोलू' हे आईच्या बोलण्याचं शेपूट आहे. ते म्हटल्यावर ती आणखी अर्धा तास बोलते.

आत्याचं सासर अलिबागकडे. नवरा विषमज्वराने गेला तेव्हा लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. ते साल स्वातंत्र्याचं. कुळगावात झेंडावंदनाचे पेढे वाटले तेव्हा आत्या इथेच होती आणि माजघरात बसून आपला पेढा बोक्याला भरवत होती.

बोक्याचं नाव मामलेदार. माझे आजोबा, विष्णुपंत खांबेटे, जन्मभर पोस्टात होते आणि निवृत्त झाल्यावर बदलापूर स्टेशनजवळ, कुळगावात घर बांधून राहिले. सरकारी हुद्द्यांबद्दल त्यांना फार आदर. म्हणून आत्याने घरात आलेल्या प्रत्येक जनावराला हुद्दा दिला. मामलेदार कुणाच्याही पाटावर जाऊन बसायचा आणि उठवलं तर रागवायचा. मोडक्या पंखाचा एक बुलबुल वर्षभर आमच्याकडे होता, तो शिरस्तेदार. दिवसभर मान हलवायची, काम काही नाही. खारीचं पिल्लू आंब्यावरून पडलं, ते आत्याने कापसाच्या वातीने दूध पाजून वाढवलं. ते शेंगदाणे लपवायचं आणि कुठे लपवले ते विसरायचं, म्हणून ते खजिनदार. एकदा आजोबांनी लग्नाला जाण्यासाठी ठेवणीतला कोट काढला तर खिशातून मोड आलेला शेंगदाणा निघाला. शेळी होती ती वकील, कारण कागद दिसला की ती सोडायची नाही.

आजोबा चिडायचे. "वृंदे, खात्याची थट्टा होते. लक्षात आलं?"

"आलं, अण्णा. पण वकिलाने तुमचा पेपर खाल्ला, ते आधी लक्षात घ्या."

गंगू कुत्री मात्र नुसती गंगू. का, असं मी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "ती काम करते गं. तिला हुद्दा कशाला?"

आत्या स्वतः दिवसभर शिवणाच्या मशीनवर असे. निम्म्या कुळगावचे झंपर तिने शिवलेत. मशीनच्या पायापाशी गंगू, चिंध्यांच्या टोपलीत मामलेदार, खांद्यावर खजिनदार. माप द्यायला आलेल्या बाया आधी खाली बघून पाय टाकायच्या. या घरात एकच गोष्ट आत्याने कधी केली नाही, ती म्हणजे कुठल्याही जनावराच्या गळ्यात दोरी बांधली नाही. वकिलाच्यासुद्धा नाही. शेजारचा भाजीवाफा त्याने साफ केला तेव्हा आत्याने आठवडाभर फुकट शिवण करून भरपाई केली, पण दोरी नाही.

आणि पुढच्या ओट्यावर ती कधी बसली नाही. त्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, कुणी मना केलं नव्हतं. माजघर, स्वयंपाकघर, मागचा गोठा, एवढंच तिचं.

आमचं घर आळीच्या टोकाला. पलीकडून आगऱ्यांची घरं सुरू होतात आणि त्यातलं पहिलं रखमाबाईचं. रखमाबाईच्या म्हशी, आणि स्टेशनपासून नदीपर्यंत तिच्या दुधाचा रतीब. आजोबा म्हणायचे, "सकाळी त्या बाईच्या कानावर गेलेली गोष्ट दुपारी वांगणीला पोचते. आमच्या खात्यालाही इतकी जलद डाक कधी जमली नाही." आजोबा साऱ्या गावात फक्त तिला भीत असत.

गेल्या वर्षी, म्हणजे पंचावन्न साली, हिंदू लग्नांचा नवा कायदा पास झाला. आजोबांनी तो पेपरमधून ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवला. जाणारायेणाराला थांबवून सांगितलं, "देश पुढे चाललाय. बायकांना हक्क मिळाले. लक्षात आलं?" बैल घेऊन चाललेल्या एका माणसाने मान डोलावली आणि बैल पुढे हाकला.

तो कायदा आमच्या घरात आला तो मार्गशीर्षात. बाबा कल्याणच्या कचेरीत आहेत. तिथल्या एका स्नेह्याने स्थळ सुचवलं. शरदचंद्र टेंबे. अंबरनाथच्या एका कारखान्यात नकाशे काढण्याच्या कामावर. पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात सिंधी लोकांच्या बराकीत एक खोली भाड्याने घेऊन राहतात. आता लहान पोरीशी लग्न करायचं नाही, विधवा असली तर बरं, असं त्यांनी आपणहून सांगितलेलं.

आजोबा आत बसले होते तोवर एकदम खूश. "उत्तम! अगदी उत्तम! असंच पाहिजे!" मग त्यांची नजर खिडकीतून रखमाबाईच्या अंगणावर गेली आणि आवाज खाली आला. "येऊ देत त्यांना. पण ते कशासाठी येताहेत ते आळीत कळता कामा नये. जमलं तर आनंद आहे. नाही जमलं, तर आपल्या पोरीचं नाव गावभर होतं."

"मग विचारलं तर काय सांगायचं, मामंजी?" आईने विचारलं.

मागच्या गोठ्यात गंगूची पिल्लं केकाटत होती. आजोबांनी कान दिला आणि त्यांना सुचलं. "पिल्लू न्यायला येताहेत म्हणून सांगायचं. कुत्र्याचं पिल्लू. लक्षात आलं?"

आत्या दारात उभी होती. "मला बघायला येणार, आणि नाव कुत्र्याचं?"

"तुझ्याचसाठी म्हणतोय मी, वृंदे."

"मला एकदा न विचारताच देऊन टाकलंत, अण्णा. निदान पिल्लाला तरी विचारा." एवढं बोलून ती मशीनवर जाऊन बसली आणि एका झंपराच्या दोन्ही बाह्या तिने उलट्या जोडल्या.

रविवारी टेंबे आले. सायकलवरून, हँडलला खाकी पिशवी. मध्यम उंची, नीट विंचरलेले केस, आणि आवाज असा की आजोबा खुर्ची पुढे सरकवत सरकवत शेवटी त्यांच्या गुडघ्याला टेकले. प्रत्येक वाक्याच्या आधी 'म्हणजे कसं'. "म्हणजे कसं, मी... म्हणजे कसं, सायकलने आलो." पुढे काय बोलायचं ते सायकलवरच राहिलेलं.

आईने शिरा केला होता. वेलदोडे घातलेला, साजूक तुपातला. त्याचा वास कुंपण ओलांडून गेला आणि पाठोपाठ रखमाबाई दुधाची चरवी घेऊन ओट्यापाशी आली, रतिबाची वेळ नसताना.

"कोन पावना, पोस्टमास्तर?"

"हे? हे अंबरनाथहून आलेत. पिल्लू न्यायला. कुत्र्याचं."

"कुत्र्याचा पिल्लू?" रखमाबाईने नाक वर करून हवा हुंगली. "नि त्याला येलचीचा शिरा?"

"पाहुणा आहे तो, रखमाबाई."

"व्हय व्हय. पावनाच त्यो." ती गेली नाही. चरवी खाली ठेवून ओट्याच्या पायरीवर बसली.

ती बसल्यामुळे टेंब्यांना खरोखरच गोठ्यात जाऊन पिल्लू बघावं लागलं. आत्या दाखवायला आणि मी बरोबर. टेंबे कुत्र्याला घाबरतात हे मला दारातच कळलं; गंगूने नुसती मान उचलली तर ते भिंतीचा पोपडा निरखायला लागले. आत्याने एक पिल्लू उचलून त्यांच्या हातावर ठेवलं. ते त्यांनी गरम पातेलं धरावं तसं, अंगापासून लांब धरलं.

"असं नाही," आत्या म्हणाली, "पोटाखाली हात घाला. हां. हा तलाठी. दुसऱ्याच्या हद्दीत शिरायची सवय आहे."

"म्हणजे कसं... खातो काय?"

"भाकरी कुस्करून. दूध थोडं, पाणी जास्त."

"बरं."

ही त्यांची पहिली भेट. आणखी एक शब्द नाही. तलाठी खाकी पिशवीत बसून कॅम्पात गेला. रखमाबाईने जाताना बजावलं, "नीट न्या वं. लई दूर जातंय लेकरू."

पुढच्या महिन्यात टेंबे पुन्हा आले. तलाठ्याला एकटं वाटतं, म्हणाले. पुढारी नावाचं पिल्लू नेलं, भुंकणं फार आणि जेवायला सगळ्यांच्या आधी. मग कॅम्पात उंदीर झालेत म्हणून मांजराचं पोर, कारकून, ते नेलं. प्रत्येक वेळी गोठ्यात तेच बोलणं. "तलाठी काय करतो?" "म्हणजे कसं, चप्पल खाल्ली." "डावी की उजवी?" "दोन्ही. म्हणजे कसं, एका पायाची मी ऑफिसात घालून गेलो होतो, ती परत आल्यावर." रात्री जेवणं झाल्यावर मी हे सगळं दोन्ही आवाजांत करून दाखवायची आणि आत्या पदर तोंडात कोंबून हसायची.

टेंबे जनावरं घेतात ही बातमी रखमाबाईच्या डाकेने डोंगरापर्यंत गेली. बारवीकडचा बारकू ठाकूर लाकडाची मोळी विकायला यायचा, तो एका रविवारी पाटी घेऊन आमच्या दारात हजर. पाटीत मुंगसाचं पोर.

"सायब जनावरां घेतंय म्हनून आयकला. ह्यो लई गुनाचा हाय. सापाला खाल."

टेंब्यांना नाही म्हणता येत नाही. ते पाटीकडे बघत राहिले, घाम आला, हात खाकी पिशवीकडे जायला लागला. "म्हणजे कसं... मी... म्हणजे..."

"साहेबांना आज नको, बारकू," आत्या आतून म्हणाली. "त्याला बांधावर सोड, तिथं त्याला उंदीर मिळतील. आणि मोळी आमच्याकडे टाक."

टेंब्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग मला बघून त्यांनी पिशवीचे बंद आवळले.

त्या रात्री मी 'म्हणजे कसं, मी, म्हणजे' सुरू केलं. सुंदर जमलं होतं, घामसुद्धा पुसून दाखवला. आत्या हसली नाही. "पुरे गं, मीने. माणूस आहे तो," म्हणाली आणि दिव्याची वात उगाचच वरखाली करत बसली. मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच आई म्हणाली नाही की आता मी काय बोलू.

आजोबांनी पाडव्याची मुदत घातली. हो म्हण किंवा नाही म्हण, पण पाडव्याला सांग. आत्या म्हणाली, सांगते. घरात सगळे तिचा होकार धरूनच चालले होते. आईने तिच्यासाठी निळ्या काठांचं पातळ घेऊन ठेवलं होतं, पांढरं नव्हे.

आणि होळीच्या आसपास, दुपारी, तलाठी परत आला.

एकटा. अंबरनाथच्या बाजूने रुळांच्या कडेकडेने आला असणार, पाय रक्ताळलेले, जीभ बाहेर लोंबलेली. गोठ्यात शिरून गंगूच्या कुशीत पडला. आत्या धावत गेली. तिने पाणी पाजलं, पायांना तेल लावलं, आणि मग तिचा हात त्याच्या गळ्यावर थांबला. तिथे सुतळीची दोरी होती. टोक चावून तोडलेलं.

"बांधून ठेवलं होतं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने माजघराच्या दारातून आजोबांना सांगितलं, "अण्णा, त्यांना कळवा. माझा नकार आहे."

आजोबा उभेच राहिले. "कुत्र्यावरून लग्न मोडतेस?"

"मग जुळत कशावरून होतं?"

बाबा म्हणाले, "वृंदे, अगं पोर आहे कुत्र्याचं, द्वाड असतं. बांधलं असेल तासभर."

"दादा, तासभर बांधलेलं जनावर पळून इतक्या लांब येत नाही." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "तिकडं मला कुणी मारलं नाही. जेवायला घालायचे. पुढच्या दाराला फक्त कडी असायची. एकदा बघितलेली आहे ती कडी, आता पुन्हा नाही." आईने निळ्या काठांचं पातळ ट्रंकेत तळाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आत्याने मला हाक मारली. "पिशवी घे. कॅम्पात जायचंय."

"टेंब्यांकडे?"

"पुढारी नि कारकून तिथे आहेत. त्यांना घेऊन येऊ."

अंबरनाथला उतरून आम्ही चालत निघालो. चार नंबर कॅम्प म्हणजे लढाईच्या वेळच्या लांबच लांब बराकी, मधे पडदे आणि फळ्या लावून केलेली घरं. एका दारात कापडाचे तुकडे मांडलेले, दुसऱ्या दारात बाई बसून बटणं लावतेय, तिसऱ्यात लोखंडाच्या पेट्या ठोकताहेत. प्रत्येक जण काहीतरी विकतोय आणि प्रत्येक जण मोठ्याने बोलतोय. इथे टेंब्यांचा आवाज कुणाला ऐकू येत असेल, असं माझ्या मनात आलं.

त्यांची खोली सापडली ती पापडांमुळे. शेजारच्या दारापुढे दोन खाटांवर पापड वाळत घातलेले आणि एक जाडजूड सिंधी बाई काठी घेऊन राखण करत बसलेली. टेंब्यांचं नाव काढताच ती उठली.

"अचो, अचो. बैठो. मैं ईश्वरी. तुम बदलापुरवाली है ना? कुत्तेवाली?"

आत्या बसली नाही. "जनावरं न्यायला आलेय. ले जाना है."

"ले जाओ! अरे, ले ही जाओ, साईं!" ईश्वरीबाईने काठी खाटेवर आपटली. "वो छोटा शैतान मेरा पूरा खटिया चाट गया. पूरा! उडद के पापड, काली मिर्च डाल के बनाए थे. मैंने टेंबे को बोला, आज इसको बांध, नहीं तो मैं पुलिस में जाऊं."

"तुम बोला? बांधने को?" आत्याचं हिंदी आमच्या घरात सगळ्यात वाईट आहे.

"और कौन बोलेगा? उसका तो मुंह ही नहीं खुलता. बांधा बेचारे ने. बांध के खुद उसके पास जमीन पे बैठ गया, वहीं रोटी खाई. मैंने बोला, अरे, कुत्ते को बांधा है, तू काहे को बंध गया? बोला, इसको आदत नहीं है. सुबह उठ के देखा तो रस्सी टूटी पडी." तिने नाक मुरडलं. "और वो चाटे हुए पापड सब उसने ले लिए. बोला, अम्मां, तुम्हारा नुकसान नहीं होना चाहिए. परसों से वही सेंक के खाता है. छी!"

खोलीचं दार उघडंच होतं. आत्याने आत पाहिलं. एक खाट, एक स्टो, भिंतीला खिळ्यावर सदरा. खाटेवर उशीच्या जागी पुढारी पसरलेला आणि त्याच्या पोटावर कारकून. दोघांच्याही गळ्यात काही नाही. खाली चटई अंथरलेली, तिच्यावर घडी घातलेली चादर.

"आणि ते कुठे झोपतात?" आत्याने मराठीतच विचारलं. ईश्वरीबाईला कळलं. तिने चटईकडे बोट केलं.

"अभी किधर है?"

"ढूंढता है. कल से. काम पे भी नहीं गया. सुनो, आवाज आता है."

आम्ही ऐकलं. बराकींच्या पलीकडून कुणीतरी ओरडत येत होतं. "तलाठी! ए तलाठी! तलाठी!" फाटका, खरखरीत, मोठा आवाज. मला ओळखूच आला नाही. मग बराकीच्या कोपऱ्यावरून टेंबे वळले, सायकल हातात, केस विस्कटलेले, आणि त्यांच्यामागे एक म्हातारा सिंधी कागदांचं भेंडोळं सावरत पळतोय. "साईं, तलाठी मिला? मेरा भी क्लेम का काम है!"

आत्याला पाहून टेंबे जागीच थांबले. तोंड उघडलं, पण आता आवाज उरलाच नव्हता. घशातून नुसती हवा आली. "मी बांधला," ते कसेबसे म्हणाले. "चुकलं. तो गेला. मी सगळीकडे..."

"तो घरी आहे," आत्या म्हणाली. "कुळगावला."

टेंबे सायकल तशीच सोडून ईश्वरीबाईच्या खाटेच्या कडेवर बसले. पापडांवर. ईश्वरीबाईने काठी उचलली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि खाली ठेवली.

आत्याने माझ्या हातातून रिकामी पिशवी घेतली आणि तिची घडी घातली. "टेंबे, येत्या रविवारी या. पिल्लू न्यायला नाही. पिशवी आणायची नाही. पुढच्या दाराने यायचं, आणि कशासाठी आलात ते आळीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. जमत असेल तर या."

टेंब्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. आत्यालाही कळलं नसावं; परतीच्या वाटेवर तिने त्या पिशवीची घडी तीनदा उलगडून पुन्हा घातली.

घरी आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "आळीत? मोठ्याने? वृंदे, त्याने ऐन वेळी माघार घेतली तर? लोक काय म्हणतील?"

"माघार घेतली तर मला कळेल, अण्णा. लोकांचं लोक बघतील."

रविवारी आजोबा सकाळपासून ओट्यावर. पेपर उलटा धरलेला. रखमाबाई आपल्या अंगणात शेणी थापत होती, आणि त्या दिवशी तिच्या शेणी संपतच नव्हत्या. ऊन चढलं. आत्या मशीनवर बसली होती, पण पायाखालचं चाक काही फिरत नव्हतं.

सायकलची घंटा वाजली. टेंबे आले. धुतलेलं धोतर, कोट, हँडल रिकामं.

रखमाबाई हात न धुताच कुंपणापाशी आली. "काय वं टेंबेसायब, आता कनचा पिल्लू? पिशवी कुठंय तुमची?"

टेंब्यांनी सायकल भिंतीला लावली. कोट सारखा केला. आळीकडे तोंड करून उभे राहिले आणि तोंड उघडलं. हवा आली. त्यांनी घसा खाकरला, छाती भरून घेतली, पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलताना दिसत होते, मानेच्या शिरा दिसत होत्या. ऐकू काही येत नव्हतं. समोरच्या दारांतून माणसं बाहेर यायला लागली. टेंब्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, रडू नव्हे, जोर लावून.

"काय म्हनतंय?" रखमाबाई ओरडली. "मोट्यानं बोला की!"

आजोबा पेपर घेऊन उभे राहिले. "ते... हे... पिल्लू..."

"अण्णा, बसा," आत्या म्हणाली.

ती ओट्यावर आली होती. निळ्या काठांचं पातळ नेसून. तिला तिथे उभी पाहिलेलं मला तरी आठवत नाही. ती टेंब्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने, माप सांगावं तसं स्पष्ट म्हणाली, "हे पिल्लू न्यायला आलेले नाहीत, रखमाबाई. कधीच आले नव्हते. हे मला मागणी घालायला येतात. मी हो म्हणणार आहे. आमचं लग्न होणार आहे."

आजोबांनी डोळे मिटले.

"आत्ता हाय!" रखमाबाई म्हणाली. "आमाला ठाव नव्हता व्हय? कोन मानूस कुत्र्याला भ्येतो नि दर म्हयन्याला येक कुत्रा न्हेतो? त्या पयल्या शिऱ्यालाच मी वलखला." तिने कमरेवर शेणाचे हात ठेवले. "पन येवरा झाकायचा काय त्यात? आमचेत पाट लावतात गो. आज नाय, बापजाद्यांपासून. माजा ह्यो दादलापन पाटाचाच हाय. पयला मेला, तवा सासऱ्यानीच लावून दिला."

आजोबांनी डोळे उघडले. "तुमचं... दुसरं लग्न आहे?"

"मंग? इतकी वरसं दूध घालते तुमाला, पोस्टमास्तर. कदी इचारलांव?"

आजोबांनी पेपरकडे पाहिलं, मग रखमाबाईच्या दारात विडी ओढत उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याकडे. त्याने विडीचा हात कपाळाला लावून आजोबांना नमस्कार केला. आजोबांनीही केला. जन्मात पहिल्यांदाच केला असावा.

"तारीक कंदी हाय ती आदी सांगून ठेवा," रखमाबाई शेणींकडे परत जाता जाता म्हणाली. "दूध राखून ठेवाया लागंल. ऐन टायमाला मागनार नि मंग माज्या नावानं बोंबलनार."

आईने आतून चहा आणला. आत्याने तो तिच्या हातातून घेतला, एक कप टेंब्यांना दिला, एक आजोबांना, आणि तिसरा स्वतःकडे ठेवला. मग ती इकडेतिकडे न बघता ओट्यावरच बसली. आजोबांनी सरकून जागा केली.